मुरगूडमार्गे कसबा बावडा

मला देवानं बाकी काही दिलं नाही, आवाज दिला. आमच्या पेठेत कुणाचं बारसं असो की कुणाचा वाढदिवस, माईक माझ्या हातात येतो आणि मग तो काढून घ्यायला माणसं लागतात. फुटबॉलच्या मोसमात तर मी मैदानावरच मुक्कामाला असतो. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस आहे, आणि त्या खुन्नशीचं धावतं वर्णन गेली वीसेक वर्षं मी करतो. बॉल बाहेर गेला तरी मी असा सांगतो की लोकांना वाटावं, आता शहरच बुडणार.

अशा माणसावर एका शनिवार-रविवारी गुपित सांभाळायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ आमच्या तालमीचा गोलकीपर. चाळिशीकडं झुकलेला, गुडघे कुरकुरणारे, पण गोलपोस्टमध्ये उभा राहिला की भिंत. त्या वर्षी पलीकडच्या पेठेशी आमचा सामना होता. शेवटाकडं मैदानात गर्दी घुसली, ढकलाढकली झाली, आणि लाइनमन खाली पडला. कानावर कुणीतरी जोरात हाणलं होतं, रक्त आलं होतं. तो पडला तेव्हा त्याच्या अंगावर वाकून उभा होता माझा भाऊ. कुणीतरी मोबाईलवर तेवढंच शूट केलं आणि संध्याकाळपर्यंत ती चार सेकंदांची क्लिप सगळ्या शहरानं बघितली. लाइनमननं डोळे उघडले तेव्हा त्याला समोर जे तोंड दिसलं, तेच त्यानं सांगितलं. त्याचाही काही दोष नव्हता.

शिस्त समितीनं सुनावणी ठेवली. मारहाण सिद्ध झाली तर कायमची बंदी. आणि ज्या शाळेत भावाचं क्रीडाशिक्षक म्हणून जवळजवळ ठरलं होतं, तिथल्या सरांनी सरळच सांगितलं, की बंदी आली तर तुम्हाला पोरांसमोर कसं उभं करायचं? भाऊ तोवर एका गोदामात हिशेब बघायचा. बॉल सोडला तर त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या आठवड्यात तो जेवायला बसायचा आणि भाकरीकडं बघत राहायचा.

"दादा, मी हाणलं न्हाय," एवढंच तो म्हणायचा. "माज्या हातात बॉल हुता."

हे मला मान्य होतं. पण माझ्या मान्यतेवर समिती चालत नाही.

शनिवारी दुपारी बायकोच्या क्लासच्या पत्त्यावर एक मेल आली. तिचा राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लास आहे. खाली औषधांचं दुकान, मधल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, वर ही. मेल पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, की मी पलीकडच्या पेठेतला आहे. गच्चीवरून मोठ्या कॅमेऱ्यानं सगळा सामना शूट केलाय, शिट्टीपासून शिट्टीपर्यंत. तुमच्या माणसानं हाणलेलं नाही. कुणी हाणलं तेही दिसतं, आणि तो आमच्या पेठेतला आहे. व्हिडिओ देतो. पण मी कोण हे कळलं तर मला इथं राहता येणार नाही.

त्याचं खरं होतं. पेठेविरुद्ध गेलेल्या माणसाला कोण मारत नाही, झोडत नाही. फक्त तो चहाच्या गाड्यावर आला की गप्पा थांबतात. गणपतीच्या वर्गणीला त्याच्या दारावर कुणी येत नाही. ज्याच्याकडं वर्गणीसुद्धा मागत नाहीत, त्यानं कोल्हापुरात जगायचं कसं?

"पेनड्राइव्ह कुठंतरी ठेवू दे की त्याला," मी म्हणालो. "रंकाळ्यावर बाकाखाली. मी टोपी घालून जातो."

बायकोनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही टोपी घाला न्हायतर बुरखा घाला. बाकापर्यंत पोचायच्या आत धा जण विचारतील, आज बाकाखाली काय बघताय? आणि तुम्ही त्यांना सांगाल."

माझ्या आयुष्यातले असे प्रसंग ती मोजून ठेवते.

समितीला तुकडा चालणार नव्हता. 'कापाकापी केली' असं म्हणायला समोरचे टपलेलेच होते. अख्खी मूळ फाईल पाहिजे होती, आणि ती अवाढव्य होती. मग त्या अनोळखी माणसानंच मार्ग सुचवला. टॉरेंट. बायकोनं मला आणि भावाला ते भाजीच्या भाषेत समजावलं. फाईलचे हजारो तुकडे करायचे. ज्याच्याकडं जे तुकडे आहेत ते त्यानं मागेल त्याला द्यायचे, ज्याला मिळाले त्यानं लगेच पुढच्याला द्यायचे. मध्ये दुकानदार नाही, गोदाम नाही. घेणारा तोच देणारा.

"मग तर झटक्यात हुईल की," भाऊ म्हणाला.

"झालं असतं. पण सरळ दिलं तर देणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता समोरच्याच्या यादीत दिसतो. म्हणून तो आडवाटेनं देतोय. त्याचा तुकडा आधी कुठल्यातरी परदेशात जाणार, तिथनं दुसऱ्या देशात, तिथनं तिसऱ्या, आणि मग आपल्याकडं. प्रत्येक ठिकाणी मागचं नाव पुसलं जातं."

"म्हणजे बघ," मी भावाला समजावायला सरसावलो, कारण समजावायची संधी मी सोडत नाही. "राजारामपुरीतनं कसब्या बावड्याला जायचंय. रिक्षानं किती येळ लागतोय? पण आपण जायचं पार उलट्या टोकाला, मुरगूडमार्गे. तिथं रिक्षा बदलायची, रुमाल बदलायचा, मग आणि दुसऱ्या गावाला, तिथं शर्ट बदलायचा. बावड्यात उतरलो की साखर कारखान्यासमोर उभा ऱ्हायला तरी कुणाला कळायचं न्हाय आपण कुठनं आलो."

"पण पोचणार कवा?"

तोच तर प्रश्न होता. सुनावणी रविवारी संध्याकाळी होती. रविवारी सकाळी क्लासला सुट्टी, म्हणून आम्ही तिघं तिथं जाऊन बसलो. बायकोनं एका कॉम्प्युटरवर ते सुरू केलं आणि आम्ही पट्टीकडं बघत राहिलो. हिरवी रेघ, केसाएवढी. मी पाणी पिऊन आलो, रेघ तिथंच. खाली जाऊन तिघांसाठी मिसळ आणली, खाल्ली, हात धुतले, रेघ तिथंच. हिशेब केला तर फाईल मंगळवारी पोचणार होती.

भावानं विचारलं, "वहिनी, त्याला सरळ द्यायला सांगायचं का?"

"सांगितलं तर देईलही," ती म्हणाली. "म्हणूनच सांगायचं न्हाय."

मग तिनं त्या माणसाला मेल केली आणि उत्तर आलं, की मागणारे वाढवा. प्रत्येक मागणाऱ्याला मी वेगळ्या वाटेनं देतो. वाट अरुंद आहे, पण वाटा कितीही करता येतात. बायकोनं क्लासमधली सगळी मशिनं चालू केली. एकेक मशिन वेगळा तुकडा ओढू लागलं, आणि आत आलेले तुकडे आपसात क्षणात वाटू लागलं. रेघ दोरीएवढी झाली. मग पाइपाएवढी. पंख्याखाली ती सगळी मशिनं घरघरत होती आणि मला वाटत होतं की आमच्या घराची माणसं रांगेनं उभी राहून बादल्या पुढं सरकवताहेत.

तेवढ्यात तालमीचे अध्यक्ष आले. आमचे अध्यक्ष म्हणजे मनानं राजा माणूस आणि तोंडानं लाऊडस्पीकर. मी स्वतः लाऊडस्पीकर असल्यामुळं मला हे कळतं. त्यांना सांगणं भाग होतं, कारण सुनावणीत तालमीचे प्रतिनिधी तेच होते.

"म्हंजे त्यांच्याच पेठेतला माणूस आपल्याला देतोय?" त्यांचे डोळे भरून आले. "काय मोठ्या मनाचा माणूस असंल ओ. वहिनी, आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बी लावा. तेवढंच आमचं पुण्य."

एक मशिन वाढलं तर बरंच, म्हणून बायकोनं तालमीच्या ऑफिसात फाईल मागायची ती लिंक पाठवली. "कुणाला बोलू नका," ती म्हणाली. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला.

दुपारी रेघ चारातले तीन हिस्से भरली होती. भाऊ पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसला. मी खिडकीत उभा राहून मनातल्या मनात समितीसमोरचं भाषण जमवत होतो. आणि मोबाईल वाजायला लागला. एक, दोन, मग थांबेचना. कुणीतरी मला फोटो पाठवला होता.

आमच्या तालमीच्या दारात फ्लेक्स लागला होता. दहा बाय पंधरा. वर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, कडेनं सगळे पदाधिकारी, एका कोपऱ्यात माईक घेतलेला मी. मधोमध एका माणसाची काळी आकृती, तोंड नाही, पण डोक्यावर भगवा फेटा. खाली लिहिलं होतं, 'पलीकडच्या पेठेत राहूनही सत्याची बाजू घेणाऱ्या अज्ञात पाव्हण्यांचे जाहीर आभार.' आणि त्याखाली काळ्या ठिपक्यांचा चौकोन. 'सत्य पाहण्यासाठी स्कॅन करा.'

मी खाली बसलो. खुर्ची होती की नाही हे बघितलं नाही.

अध्यक्षांना फोन लावला. "लिंक का टाकली ओ फ्लेक्सवर?"

"आवो, नाव कुठं टाकलंय? अज्ञातच लिवलंय की."

"पेठ लिहिलीय."

"मग आभार कुणाचं मानायचं? एवढं उपकार घ्यायचं आणि गप बसायचं, आमच्या रक्तात न्हाय बसत. शाल-श्रीफळ बी आणून ठेवलंय. भेटला की तितंच सत्कार."

माणूस वाईट नव्हता हो. कोल्हापुरात उपकाराची परतफेड फ्लेक्सनंच होते, आणि आमच्या गल्लीतला प्रिंटिंगवाला तासाभरात फ्लेक्स देतो, त्याला कोण काय करणार?

तोवर स्क्रीनवरची यादी बदलली होती. सकाळपासून त्या यादीत आमची मशिनं आणि परदेशातले दोन-चार पत्ते होते. आता एकेक नवा पत्ता येत होता. स्थानिक. बायकोनं बघितलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"पलीकडच्या पेठेतले आलेत," ती म्हणाली. "शोधायला आलेत. त्यांच्या पेठेतल्या देणाऱ्याचा पत्ता यादीत दिसतोय का, ते बघायला."

"मग त्यांना हाकल की."

"हाकलता येत न्हाय. दार न्हायच ह्याला."

थोड्या वेळानं त्या माणसाची मेल आली. मी मोठ्यानं वाचली. 'बोर्ड बघितला. माणसं आत आलीत. खाली गल्लीत पण गोळा झालेत. आडवाट काढून सरळ दिलं तर राहिलेलं पंधरा मिनिटांत होईल, पण माझा पत्ता त्यांना दिसेल. देऊ का? नसेल तर आता बंद करतो.'

सांगायला लाज वाटत नाही, मी 'दे' म्हणालो. माझा भाऊ होता. मी बायकोला म्हणालो, "टाईप कर, दे म्हणून. पंधरा मिनिटांचा प्रश्न हाय. नंतर आपण त्याला सांभाळू. आपल्या पेठेत खोली बघू."

बायकोचे हात कीबोर्डवर होते आणि हलत नव्हते. ती भावाकडं बघत होती.

भावानं खुर्ची पट्टीकडनं वळवली. मग म्हणाला, "बंद कर म्हणावं."

"येडा हाईस काय?" मी ओरडलो. "संध्याकाळी कायमचा बाहेर बसशील. शाळा गेली, सगळं गेलं."

"व्हय. मला बॉल मिळायचा न्हाय," तो म्हणाला. "त्याला चहा मिळायचा न्हाय. चहा रोज लागतोय, दादा."

"आणि तुझं काय?"

"माजं गोदाम हाय की."

मी काय काय बोललो ते आठवत नाही. आईची शपथ घातली, पाया पडतो म्हणालो, बायकोच्या हातातला कीबोर्ड ओढायला गेलो. मैदानावर दोन हजार माणसं माझ्या आवाजावर उठतात-बसतात, आणि त्या खोलीत माझा आवाज दोन माणसांना हलवू शकला नाही. बायकोनं दोन शब्द लिहिले, 'बंद करा', आणि खाली 'आभार' लिहून लगेच पुसून टाकलं.

परदेशातले पत्ते यादीतून एकापाठोपाठ गेले. पट्टी थांबली. नव्वद टक्क्यांच्या थोडी अलीकडं.

बायकोनं जेवढं आलं होतं तेवढं चालवून बघितलं. चित्र पळत होतं, मध्येच फुटत होतं, चौकोन चौकोन होऊन गोठत होतं. गर्दी घुसते तिथपर्यंत नीट, आणि नेमका लाइनमन पडायच्या वेळी सगळं मैदान हिरवा-करडा चिखल. चिखल सरला की भाऊ वाकून उभा. म्हणजे आमच्याकडं जे होतं, ते त्या चार सेकंदांच्या क्लिपपेक्षाही वाईट होतं.

भावानं बूट घातले. "चला, जाऊया," म्हणाला. "येळेवर तरी जाऊ."

जिन्यात तो दातांच्या डॉक्टरच्या दारासमोर पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी. आतून कुणाच्या तरी दाढेवर चाललेल्या मशिनचा आवाज येत होता. सुट्टीच्या दिवशीही कुणाचं तरी दुखणं काढायचं चाललं होतं, आणि मला त्या माणसाचा हेवा वाटला.

वरून बायकोनं हाक मारली. "भावजी, वर या."

ती नेहमी 'लवकर या' म्हणते. त्या दिवशी लवकर म्हणाली नाही, म्हणून आम्ही पळत गेलो.

पट्टी सरकत होती. नुसती सरकत नव्हती, धावत होती.

"तो परत आला?" मी विचारलं. "सरळ देतोय?"

"तो न्हाय. हे बघा." तिनं यादीवर बोट ठेवलं. ते सगळे स्थानिक पत्ते. पलीकडच्या पेठेतले. "त्याला शोधायला हे आत आले. आत यायचं म्हणजे फाईल मागावी लागते. मागितली, तर त्यानं यांना तुकडे दिले, आडवाटेनंच, पण दिले. आणि जे तुकडे अजून कुणाकडंच न्हाईत ते ही सिस्टीम आधी वाटते. म्हणजे आपल्याकडं नव्हते नेमके तेच तुकडे यांच्याकडं गेले. यांची मशिनं आपल्याला आत्ता जोडली."

"आणि ते आपल्याला देतायत?"

"ते न्हाई देत. त्यांची मशिनं देतायत. त्यांना म्हाईतच न्हाय. शोधायला बसलेत, घेणारा देणारा होतो हे विसरून." ती पहिल्यांदा हसली. "आणि त्यांना तोंड लपवायची गरज न्हाय, म्हणून सरळ देतायत. मुरगूडला न जाता."

मी आयुष्यात बरीच नाटकं बघितली आहेत. पण ज्यांनी भावाला अडकवलं, तेच त्याला सोडवणारे तुकडे पळत पळत आणून देताहेत आणि त्याच वेळी खरं सांगणाऱ्या आपल्याच माणसाला शोधत बसलेत, असा प्रवेश कुणी लिहिला असता तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा, जरा कमी कर. मी खिडकीतून पलीकडच्या पेठेच्या दिशेनं हात जोडले. बायको म्हणाली, "आता तुम्ही फ्लेक्स लावू नका म्हणजे झालं."

पट्टी भरली. आम्ही लॅपटॉप छातीशी धरून रिक्षात बसलो.

समितीच्या टेबलावर चार माणसं आणि कानाला पट्टी बांधलेला लाइनमन. व्हिडिओ चालू झाला. गर्दी घुसली. भाऊ गोलपोस्टमधून धावत पुढं आला, दोन्ही हातांनी बॉल पोटाशी आवळून, जसं कुणी तान्ह्या पोराला गर्दीतून नेतं. मागून एक बाही आली, साध्या शर्टाची, आणि लाइनमनच्या कानावर बसली. तो कोसळला. भाऊ बॉल न सोडता वाकला, कारण बॉल सोडला तर सामना जाईल ही त्या वेळीसुद्धा त्याला भीती होती.

समितीनं ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा लाइनमननंच बघायला मागितलं. त्यानं पट्टीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्याचे दोनी हात बॉलवर हाईत की ओ."

भाऊ सुटला. समितीनं हाणणाऱ्याची वेगळी चौकशी लावली, पण ती कथा माझी नाही.

पलीकडच्या पेठेत मात्र त्यानंतर महिनाभर गोंधळ चालला. फितूर कोण, हे शोधायला ज्यांनी ज्यांनी ती लिंक उघडली, त्या सगळ्यांचे पत्ते यादीत एकमेकांना दिसले. प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. 'तू होतास यादीत.' 'मी शोधायला गेलतो.' 'सगळेच शोधायला गेलते, मग दिलं कुणी?' खरा माणूस त्यांच्यातच बसून, त्यांच्याबरोबर, त्याच आवाजात तेच विचारत असणार.

तो कोण, मला आजही माहीत नाही. बायकोला माहीत असावं असा मला संशय आहे. त्याच्या मेलमधली मार्जिनं फार नीट होती, आणि तिच्या क्लासमध्ये शिकलेलीच माणसं अशी मार्जिनं सोडतात. मी विचारलं की ती भाजी चिरायला घेते. अध्यक्षांची शाल तालमीच्या कपाटात घडी घालून आहे, नारळ मात्र त्यांनी नंतर फोडून खाल्ला.

पुढच्या मोसमात त्याच पेठेशी सामना होता. भाऊ आता शाळेत शिकवतो, गुडघ्यांना पट्ट्या बांधतो, पण उभा राहतो. शिट्टी व्हायच्या आधी त्यानं हातमोजे काढले, त्यांच्या गॅलरीकडं तोंड केलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. कुणाला ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांना.

गॅलरी उठली. शिव्या, शिट्ट्या, रिकाम्या बाटल्या, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार. माझ्या हातात माईक होता आणि जिभेवर शंभर वाक्यं होती. मी एकही बोललो नाही. मी कान देऊन ऐकत होतो. त्या शिव्यांत एक शिवी त्याची होती, आणि मला वाटतं, सगळ्यात मोठ्या आवाजात देणारा तोच असणार.